हौसाकाकूंची पॅरलल लाइन

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. अंगात येणं, भानामती, कौल लावणं असलं काही आमच्या घरात कधीच नव्हतं. बाबा म्हणायचे, "आधी कारण हुडक. न्हाय सापडलं, तर परत हुडक." मी बरीच वर्षं हुडकलं... आता दमले, म्हणून या सदरात लिहितेय.

कोल्हापुरात शाहूपुरीत, दुकानांच्या मागच्या गल्लीत आमचं घर. भिंतीला भिंत लागून हौसाकाकूंचं. नव्वदच्या दशकात गल्लीतला पहिला फोन आमच्याकडे आला, बाबांच्या नोकरीमुळं. काकूंचा मुलगा संजय तेव्हा नुकताच मस्कतला गेला होता. तिकडं शुक्रवारी सुट्टी, त्यामुळं त्याचा फोन शुक्रवारी दुपारी, जेवणवेळ टळल्यावर. रिंग वाजली आणि पलीकडून त्याचा आवाज आला की आई भिंतीवर लाटणं आपटायची. मग "आलो आलो आलो!" करत काकू ओले हात पदराला पुसत पळत यायच्या. (आमच्याकडच्या बायका 'आलो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना फार मजा वाटते.)

एकदा अशाच पळताना उंबऱ्याला ठेचकाळल्या, अंगठ्याचं नखच गेलं. तेव्हा बाबांनी भिंतीला भोक पाडून वायर पलीकडं नेली आणि काकूंच्या घरात दुसरा फोन बसवून दिला. पॅरलल म्हणायचो त्याला. लाइन एकच, रिंग दोन्ही घरांत. काय दिवस होते! काकू मस्कतला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या आणि आई इकडं भाकरी थापत हसत बसायची.

पुढं संजयचं लग्न झालं, मुलं झाली, फोन विरळ होत गेले. काकू थकल्या. त्यांची मुलगी सुरेखा त्यांना जयसिंगपूरला आपल्या घरी घेऊन गेली. पलीकडं कुलूप लागलं.

मग आमच्या घरात इंटरनेट आलं. बाबा गेले होते, आणि मी घरातूनच मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं काम करायला लागले होते. अमेरिकेतले डॉक्टर बोलतात ते कानाला हेडफोन लावून टाइप करायचं आणि फाइल वेळेत पाठवायची. फोनच्याच लाइनवर ब्रॉडबँड, टेबलावर राऊटर. त्यावरचा एक हिरवा दिवा स्थिर असेल तर नेट चालू, लुकलुकायला लागला की लाइन तुटली. आठवडाभर दिवा मुनीसारखा शांत... आणि शुक्रवारी दुपारी लुकलुकायला सुरुवात! थोड्या वेळानं आपोआप ठीक. पण तेवढ्यात फाइल अडकायची. कंपनीनं स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर काम बंद. घर माझ्या त्या कामावर चालत होतं.

काय नाही केलं? राऊटर बंद करून चालू केला, पिन खुपसून रीसेट केला, मैत्रिणीचा राऊटर आणून लावला. लोडशेडिंग म्हणावं तर यूपीएस होता. शेवटी टेलिफोनचे शिंदेमामा आले. फिल्टर बदलला, खांबापासून नवी वायर ओढली. म्हणाले, "ताई, तुमच्या राऊटरला शुक्रवारचा उपास हाय का काय?" मग जरा विचार करून म्हणाले, "दुसऱ्या खोलीत कोण पॅरलल फोन उचललं की असं हुतंय."

मला काकूंची वायर आठवली. भिंतीजवळ बघितलं तर रंगाखाली ती तशीच होती. मामांनी ती कापून काढली. "मिटला विषय."

पुढच्या शुक्रवारी दिवा परत लुकलुकला.

मी वैतागून फोनचा रिसीव्हर उचलला. डायल टोन नव्हता. पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि कुणाचा तरी श्वास.

"हॅलो? कोण?"

"...संजू?"

आवाज हौसाकाकूंचा! शेजारी उभ्या आईलाही ऐकू गेला. आईनं रिसीव्हर काढून घेतला. "हौसाताई? अवो, कुठनं बोलताय?"

"घरातनंच की. संजूचा फोन आला व्हता?"

खट्ट झालं आणि डायल टोन सुरू. इकडं दिवा स्थिर.

आईनं लगेच जयसिंगपूरला फोन लावला. सुरेखा म्हणाली, "काकी, आय कशी बोलंल? लकवा मारल्यापास्नं वाचा गेलीया तिची. आणि फोनपाशी तर मीच बसलोय मघापास्नं." मग म्हणाली, "दुपारचं कधीमधी हात कानाला लावून पडती, तेवढंच. मघाशी पण लावलेला."

आईनं रिसीव्हर ठेवला. मग म्हणाली, "त्या पोराला कळीव."

संजयचा ईमेल पत्ता कुठूनतरी मिळवला आणि लिहिलं, काकू आजारी आहेत, वाचा गेलीय, सुरेखाचा नंबर असा असा आहे, फोन कर.

त्याचा फोन आला तो आमच्याच घरी. शुक्रवारी दुपारी.

"वैशे, ह्यो नंबर अजून पाठ हाय बघ," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "सुरेखाकडं लावायचा धीर हुईना. आय बोलणारच न्हाय, तर मी काय बोलू? इतकी वर्सं..."

मी उत्तर देणार, तोच राऊटरचा दिवा लुकलुकायला लागला.

"संजू? जेवलास का रं?"

संजय म्हणाला, "आय?"

"काय खाल्लंस?"

"भात."

"नुसता भात?"

चाळिशीतला तो माणूस ढसाढसा रडायला लागला. काकू त्याला समजावत होत्या, मधेच रागावतही होत्या... पोरांची नावं विचारली, गुडघा दुखतो का विचारलं. मी बोलायच्या भागावर हात दाबून तशीच उभी होते. रिसीव्हर ठेवला तर सगळं तुटेल अशी भीती वाटत होती. आई माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.

"ठेव आता. आराम कर जरा," काकू म्हणाल्या आणि दिवा स्थिर झाला.

संध्याकाळी सुरेखाचा फोन आला. "काकी, आज आय हसली! हात कानाला लावून नुसतं व्हट हलवत व्हती. आवाज न्हाय, काय न्हाय."

दिवाळीच्या आधी काकू गेल्या. संजय आला होता. आमच्याकडं येऊन आईच्या पायाशी बसला. "काकी, त्या दिवशी आयला जयसिंगपुरातनं हितं आणून फोनवर बोलतं केलंसा. लई उपकार झालं."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग म्हणाली, "चहा घे लेकरा."

नंतर नेट शुक्रवारी कधी बंद पडलं नाही. शिंदेमामांना विचारलं तर म्हणाले, क्रॉस कनेक्शन असंल. असेलही. पण वाचा गेलेल्या बाईचं क्रॉस कनेक्शन कुठून लागतं? मला अजून कळलेलं नाही. संजय अजूनही पै-पाहुण्यांत सांगतो, आय शेवटी माझ्याशी पोटभर बोलली, ह्यांच्या घरातनं. आई शेजारी बसून "व्हय की" म्हणते. आणि ते काही खोटं नाही.