साडेनऊचं इंजिन

तुळशीदासला एका जागी बसता येत नाही. लग्नाच्या पंगतीत दुसरा भात यायच्या आत हा उठून बाहेर कुणाच्या तरी मोटरसायकलचा क्लच पाहत असतो. जव्हारला त्याचं गॅरेज आहे. आधी सात वर्षं ठाण्याला मोठ्या गॅरेजात काम केलं, तिथे टर्बोचं काम शिकला आणि तिथूनच ही बेचैनी घेऊन आला, असं त्याची बायको उज्ज्वला म्हणते. उज्ज्वला आणि मी खोडाळ्याकडच्या एकाच शाळेत शिकवतो. तिच्या गाडीत पुढची सीट माझी. मला मागे बसलं की मळमळतं आणि त्यावर चर्चा मला चालत नाही.

गाडी जुनी, लहान, पेट्रोलची. चार माणसं बसली की घाटात रडायची. म्हणून तुळशीदासने तिला टर्बो बसवला. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, एवढं मला समजलं. मग पुढचा प्रश्न निघाला आणि त्याने आमचं वर्ष खाल्लं. ती हवा नि पेट्रोल पिस्टनने किती पट दाबायचं? त्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. जास्त दाबलं तर गाडी चपळ होते, पण टर्बोची भर असताना फार दाबलं तर पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि इंजिन आतून ठोके खातं. कमी दाबलं तर इंजिन सुरक्षित राहतं, पण टर्बो जागा होईपर्यंत गाडी ढिम्म हलत नाही.

आधी त्याने कंपनीचा दहाचा आकडा तसाच ठेवला. महिन्याभरात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालची दाब धरून ठेवणारी चकती, उडालं. मग जाड गॅस्केट घालून आठ केला. गाडी म्हशीसारखी चालायला लागली. पुन्हा उघडली. दर वेळी आम्ही बायका तीन-तीन आठवडे जीपमध्ये कोंबून शाळेत जायचो आणि मी दर वेळी त्याच्या नावाने बोटं मोडायचे. शेवटी साडेनऊ. पहाटे गावाजवळच्या शिरपामाळच्या बाजूला तो एकटाच गाडी घेऊन गेला आणि आला तो उडतच. गाडी कशी निघते, कशी ओढते, हे त्याने पानवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवशी उज्ज्वलाने त्याला माझ्यासमोर बजावलं, "आता बस झालं. हे इंजिन पुन्हा उघडलंत तर मी तलासरीला बदलीचा अर्ज टाकते. खोली घेऊन राहीन तिथे." ती रागात नव्हती, म्हणूनच मला भीती वाटली.

दिवाळीनंतर मोखाड्याच्या पुढच्या चढावर इंजिनाच्या ठोक्यांचा आवाज पहिल्यांदा आला. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा. उज्ज्वलाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आवाज थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सांगितलं तर तो त्याच संध्याकाळी इंजिन खाली काढणार आणि अर्जाचं बोलून बसलेली ती. आम्ही गप्प राहिलो. मग आमची एक रीतच पडून गेली. चढ आला की तिने गाडी थांबवायची, आम्ही बाकीच्यांनी उतरून वर चालत जायचं आणि तिने गाडी हळूच वर न्यायची.

फेब्रुवारीत एका बाजाराच्या दिवशी तुळशीदासला खोडाळ्याला बंद पडलेली जीप पाहायला जायचं होतं. तो हत्यारांची पेटी घेऊन आमच्याच गाडीत मागे बसला, अंगणवाडीच्या जयवंतीशेजारी. मोखाड्याला नेहमीची कोंडीमावशी टोपलं घेऊन चढली. पेट्रोल कमी होतं म्हणून उज्ज्वलाने वाटेतल्या दुकानातून दोन बाटल्या ओतून घेतल्या. तुळशीदासचा गुडघा माझ्या सीटला मागून सारखा लागत होता.

चढ आला. उज्ज्वला थांबली नाही. जयवंतीने दाराकडे गेलेला हात मागे घेतला. पण कोंडीमावशीला कोण आवरणार? "बाय, आज उतरायचा नाय का?"

"का उतरायचं?" तुळशीदासने विचारलं.

तेवढ्यात वळणावर हरभरे वाजले. उज्ज्वलाने पाय उचलला आणि गाडी कडेला घेतली.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून," ती म्हणाली.

तो उतरला. आम्हीही उतरलो. ऊन चांगलंच तापलं होतं. तो कोंडीमावशीचं टोपलं घेऊन चढ चढायला लागला. ती त्याला समजावत होती, "रोजचाच हाय दादा. बाय सांगं, गाडीला दम लागं. आमाला काय, पायाची सवय." तुळशीदासने टोपलं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालत राहिला. मला त्याची दया आली आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडी हळूच वर आणून उज्ज्वला तिला टेकून उभी होती. "मी नेहमी एकटाच फिरवत होतो," तो तिला म्हणाला. "पहाटेच्या गारव्यात, पंपावरचं पेट्रोल भरून. गाडी तुझ्यासाठी करतोय म्हणायचो. केली माझ्यासाठी." मग टोपलं खाली ठेवत, "उघडावी लागेल. अर्ज टाकायचा तर टाक. पण कितीचा आकडा ठेवू, ते तू सांग."

"मला आकड्यातलं कळत नाही. पाच माणसं, मे महिन्याचं ऊन, मावशीचं टोपलं, बाटलीतलं भेसळीचं पेट्रोल आणि पुढे रखडणारी जीप. यात जो बसेल तो ठेवा."

त्याने पिस्टन नाशिकला लेथवर देऊन माथे खोलगट करून आणले. रेशो आठ पॉइंट आठ झाला, टर्बोचा दाबही उतरवला. तीन आठवडे आम्ही जीपमध्ये. अर्ज तिने टाकला नाही, पण कोरा फॉर्म पर्समध्ये होता, मी पाहिला होता.

गाडी आली त्या दिवशी तो पुन्हा मागे बसला, कान लावून. कुणी उतरलं नाही. हरभरे वाजले नाहीत. तरी वळणावर गाडी मंदावली.

"पाय उचललास?"

"आपोआप गेला," उज्ज्वला म्हणाली. "तीन महिने हेच केलंय. तुमच्यावर विश्वास आहे हो, पायाला अजून पटलेलं नाही."

"मग पटेपर्यंत येतो."

आणि आला. गॅरेज उशिरा उघडून रोज चढाच्या वरपर्यंत यायचा आणि मिळेल त्या जीपने परत जायचा. रोज वळणावर तिचा पाय उचलला जायचा, रोज तो कान लावून ऐकत राहायचा. अकराव्या दिवशी पाय हलला नाही. गाडी आम्हा सगळ्यांना घेऊन एका दमात वर गेली. आता हा माणूस काय काय बोलेल म्हणून मी आरशात पाहिलं.

तुळशीदास जयवंतीच्या पिशवीवर डोकं टेकून झोपला होता. उज्ज्वला म्हणाली, "उठवू नका त्यांना," आणि गाडी तशीच शाळेपर्यंत नेली.