कीलिनच्या दोन शिकवण्या

डेर्वला हेनेबरीला नाही म्हणता येत नसे. तसं आयर्लंडमधल्या आमच्या कॅहर गावात ते कुणालाच जमत नाही, पण बाकीचे लोक निदान "बघू या" म्हणून वेळ मारून नेतात. डेर्वला हो म्हणून बसायची आणि घरी येऊन डोक्याला हात लावायची. असंच हो म्हणून ती चर्चच्या गायनात उभी राहिली होती, गळा नसताना. असंच हो म्हणून शेजाऱ्यांचं कुत्रं चार दिवस सांभाळायला घेतलं, ते तिच्याच घरात म्हातारं झालं. तिचा नवरा मोस्सी दुधाचा टँकर चालवायचा. तो म्हणायचा, "बरं झालं मी वेळेत मागणी घातली. जरा उशीर झाला असता तर दुसऱ्याच कुणाला हो म्हणून बसली असतीस."

नाताळच्या आधी तिला मुलीच्या शाळेत बोलावलं. गणिताचे मास्तर मिस्टर क्विर्क म्हणाले, कीलिन वरच्या पातळीच्या गणितात टिकेलसं वाटत नाही; फेब्रुवारीच्या सराव परीक्षेत काय होतं ते बघू, नाहीतर तिला खालच्या पातळीच्या वर्गात घालू. कीलिनला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि खालचं गणित घेऊन त्या वाटेला लागणं कठीण होतं. त्या वयात डेर्वलालाही असंच खाली घातलं होतं. "तुमची हरकत नाही ना?" असं तेव्हाच्या शाळेतल्या सिस्टरनी विचारलं होतं, आणि तिच्या आईनं म्हटलं होतं, "छे छे, तुम्हाला योग्य वाटेल तसं." डेर्वला शेजारीच उभी होती, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. नोकरी वाईट नव्हती, पण ते "छे छे" तिला अजून सलायचं.

रविवारी चर्चमधून बाहेर पडताना तिला मिसेस कन्सेप्टा ट्रेसी भेटल्या. प्राथमिक शाळेत जन्म घालवून निवृत्त झालेल्या बाई. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. डेर्वलानं सहज विचारलं, "कीलिनच्या गणितासाठी कुणी आहे का हो तुमच्या माहितीत?"

मिसेस ट्रेसी म्हणाल्या, "कळवते तुला."

त्या आठवड्यात दुकानातल्या नुआला लोनर्गनशी बोलता बोलता काम होऊन गेलं. नुआलाचा मुलगा फियाख्रा इंजिनियर होऊन घरी परतला होता, गणितात पक्का. दर गुरुवारी कीलिननं त्याच्याकडे जायचं ठरलं. डेर्वला निर्धास्त झाली. पुढच्या रविवारी मिसेस ट्रेसींनी चर्चच्या दारातच तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "सोमवारी शाळा सुटली की पाठव तिला माझ्याकडे."

आता काय बोलायचं? डेर्वला म्हणाली, "तुमचे फार उपकार होतील."

"म्हणजे दोघं?" मोस्सीनं घरी विचारलं.

"थोडे दिवस. मग काढीन काहीतरी मार्ग."

"कुत्र्याच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

मार्ग काही निघाला नाही. सोमवारी मिसेस ट्रेसी कीलिनला कंसांची जुनी रीत शिकवायच्या, गुरुवारी फियाख्रा त्याच गणिताला चौकट आखून तिच्या घरांत गुणाकार मांडायला लावायचा. एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, अशी कीलिनला सक्त ताकीद होती. पोरगी बिचारी अर्धं गणित कंसात सुरू करून चौकटीत शिरायची आणि तिथेच अडकायची. जानेवारीच्या चाचणीत मार्क आणखी घसरले. त्यातच सोमवारच्या गणितांमध्येही चौकटी दिसू लागल्या. डेर्वलाला काही उमगेना. मिसेस ट्रेसींकडे चौकट आली कुठून?

"तू काही बोललीस का त्यांच्याजवळ?"

"मी कशाला बोलू?" कीलिन म्हणाली आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेली.

आता एकाला काढायलाच हवं होतं. कुणाला? नुआलाच्या शेजारी तर रोज उभं राहायचं, तेव्हा तिच्या मुलाला काढणं म्हणजे दुकानात तोंड लपवायची वेळ. मग डेर्वला मन घट्ट करून मिसेस ट्रेसींकडे गेली. तिथे तिनं चहा घेतला, त्यांच्या गुडघ्याची सगळी हकिकत ऐकली आणि रूबार्बच्या देठांचा गोड टार्ट हातात घेऊन परत आली.

"काढलंस?" मोस्सीनं विचारलं.

"शब्दच फुटेना तोंडातून."

"टार्ट बरा घेता आला." मोस्सीनं सुरी घेतली.

शनिवारी मात्र तिनं ठरवलं, आज फियाख्राला सांगून टाकायचंच. तो तरुण आहे, मनाला लावून घेणार नाही. नुआलानं दार उघडलं आणि चेहरा असा केला की डेर्वलाला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. ती आत गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी फियाख्रा बसला होता, आणि त्याच्या समोर हातात पेन्सिल घेऊन मिसेस ट्रेसी. त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर चौकट होती.

मिसेस ट्रेसींनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "तू इथे कशी गं?"

"मी... तुम्ही इथे कशा?"

"चहा ठेवतो," म्हणत फियाख्रा उठला आणि त्यांच्याकडे पाठ करून किटलीशी खुडबुड करत राहिला.

"आता काय लपवायचं," मिसेस ट्रेसी म्हणाल्या. "अगं, मी जन्मभर लहान पोरांना बेरजा-वजाबाक्या शिकवल्या. हे चौकटीचं प्रकरण मी बापजन्मी पाहिलं नव्हतं. शनिवारी हा मला शिकवतो, सोमवारी ते मी तुझ्या पोरीला शिकवते."

"मग शिकवणी घेतलीतच कशाला?"

"तू विचारलंस म्हणून. तुला नाही कशी म्हणू?"

"पण मी कुठे विचारलं? कुणी माहितीत आहे का, एवढंच तर म्हटलं."

"तेच विचारणं, पोरी. या गावात याहून वेगळं कोण विचारतं?"

हे खरंच होतं. डेर्वलानं फियाख्राकडे पाहिलं. "आणि तुला हे सगळं माहीत होतं?"

"मला वाटलं, सोमवार यांचा, गुरुवार माझा, असं तुम्ही आपसात ठरवलंय," तो किटलीलाच म्हणाला. "मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

मिसेस ट्रेसींनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे मी सुटले म्हणायचं?"

"सुटलात," डेर्वला म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू आलं.

घरी येईपर्यंत तिला अगदी हलकं हलकं वाटत होतं. तिनं कीलिनला सांगितलं, यापुढे फक्त गुरुवार. कीलिननं मान वर केली नाही. "मग मी गुरुवारीही जात नाही."

"अगं, दोन रीतींनी तुझाच गोंधळ होतोय ना?"

"होऊ दे. फियाख्राला सगळं येतं, आई. मी चुकले की तो म्हणतो, सोपं आहे. चांगला आहे तो, पण सोपं आहे म्हटलं की मला वाटतं मीच ठोंबी. मिसेस ट्रेसी म्हणतात, 'अगं बाई, हे काय आता? बस, दोघी मिळून बघू.' मग मीच त्यांना समजावून सांगते. तसं सांगताना मला येतं."

आपण शोधत होतो ते माणूस आपल्याला मिळालं होतं आणि आपण त्याला आत्ताच हसत हसत घालवून आलो, एवढं डेर्वलाला कळलं. बाकी काहीच कळेना.

मोस्सीनं हिशेब मांडून पाहिला. "म्हणजे पोरगा म्हातारीला शिकवतो, म्हातारी पोरीला, आणि पोरगी म्हातारीला. आपण नक्की कुणाची शिकवणी लावलीय?"

डेर्वला कोट चढवून परत निघाली. मिसेस ट्रेसी नुकत्याच घरी पोचल्या होत्या, डोक्याचा रुमाल अजून सुटला नव्हता. वाटेत डेर्वलानं हवेपाण्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्या सुरुवाती मनात जुळवल्या होत्या. दारात मात्र त्यातली एकही आठवली नाही.

"तुम्ही कीलिनला शिकवाल का?" तिनं विचारलं.

"मला ते नीट येत नाही, हे ठाऊक असूनही?"

"हो. तिला तुम्हीच हव्यात. आणि नको असेल तर नाही म्हणा, मला चालेल."

मिसेस ट्रेसींचा गुडघा दुखत होता, आणि सुटका तर अर्ध्या तासापूर्वीच झाली होती. "सोमवारी पाठव," त्या म्हणाल्या. "आणि आता पोरीला काही लपवायला लावू नकोस. कोण काय शिकवतं ते उघड कळलं तर मलाही समजेल कुठे अडतंय ते."

फेब्रुवारीची परीक्षा झाली. मिस्टर क्विर्क यांनी पुन्हा बोलावलं, या वेळी कीलिनलाही. त्यांच्यासमोर पेपर होता. चौकटी होत्या, कंस होते, खाडाखोड भरपूर होती. पोरगी पास झाली होती, जेमतेम.

"प्रगती आहे," ते म्हणाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. "पण अगदी काठावर आहे. खालच्या वर्गात तिच्या डोक्याला ताप राहणार नाही. या आठवड्यातच बदलून टाकतो. तुमची हरकत नाही ना?"

'छे छे' डेर्वलाच्या ओठांवर आलंच होतं. चाळीस वर्षांची सवय. कीलिन शेजारी उभी होती आणि बुटांकडे बघत होती.

"आहे," डेर्वला म्हणाली.

मिस्टर क्विर्क यांना वाटलं, तिचं वाक्य अजून पुरं व्हायचंय. ते थांबून राहिले.

"हरकत आहे माझी," ती म्हणाली. "तिला कुणी विचारलेलं नाही. आधी तिला विचारा."

मिस्टर क्विर्क यांनी पेन खाली ठेवलं, ते कीलिनकडे वळले, आणि त्यांनी तिला विचारलं.