दुधाच्या पातेल्यामागचा भात

“नव्या सुनंला शिळा भात घालती ही! आन् गावभर सांगती, सून न्हाई, लेक आणलीया!”

हे माझ्या कानांसाठी नव्हतं. लोणावळ्याजवळच्या औंढ्यात आमच्या घरामागं मी कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडं शेजारच्या पारूमावशी कुणाला तरी सांगत होत्या. टॉवेल हातात तसाच राहिला. आता कुठल्या तोंडानं सांगू? शिळा भात मला कुणी घालत नव्हतं हो. मीच चोरून खात होते!

त्याचं असं झालं. माझे बाबा लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला, आणि त्यांनाच शुगर. त्याचा धसका मी माहेराहून घेऊन आले, तो थेट भाताच्या घरात! इथं इंद्रायणीचा वाफाळता ढीग ताटात पडतो. ‘पुरे’ म्हटलं की आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, चेहरा पडतो. भात घरच्या शेतातला. त्याला नको म्हणणं म्हणजे शेतालाच नको म्हणणं.

अशात मोबाईलवर वाचलं. गरम भातातल्या स्टार्चची लहान आतड्यात झटपट साखर होते आणि ती रक्तात उतरते. पण शिजलेला भात गार झाला, की त्यातला थोडा स्टार्च हट्टाला पेटतो. लहान आतड्यात तो पचतच नाही, तसाच पुढं मोठ्या आतड्यात जातो. साखर जरा सावकाश चढते. बस्स! पानं वाढताना मी माझा अर्धा भात वाटीत काढून फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं सरकवू लागले. दुसऱ्या दिवशी आत्या शेतावर गेल्या की मागच्या पायरीवर बसून ताकाबरोबर खायचा. नेमकं तेच मावशींनी पाहिलं.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की! पण मी पडले मुखदुर्बळ. स्टार्चचं पचन म्हणे तोंडापासूनच सुरू होतं. माझं बोलणं तोंडापर्यंत पोचेल तेव्हा ना!

वाटलं, मावशींचं बोलणं गाव पचवेल. पण वर न पचलेलं खाली जाऊन फसफसतं, हेही मी त्याच लेखात वाचलं होतं. बातमी भाजीच्या पाट्यांबरोबर लोणावळ्याला गेली, चिक्कीच्या दुकानात पोचली, आणि रविवारी आई दारात उभी. हातात गरम वरणभाताचा डबा!

“विहीणबाई, आमच्या मुलीचं काही चुकलं का हो?”

आत्यांना काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी कणगीवर हात आपटला.

“कणगी भरल्याली हाय माजी. पोरीला शिळं घालीन व्हय मी? इचारा तिलाच!”

डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तेवढ्यात पारूमावशीही ‘सहजच’ डोकावल्या. आत्या डोळे पुसत आत वळल्या. काही झालं तरी विहिणीला चहा हवाच. फ्रीज उघडला, पातेलं उचललं. मागं वाटी.

“ह्ये कुणाचं गं?”

तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. लाळ, स्वादुपिंड, दोन्ही आतडी, अख्खं भाषण माझ्या डोक्यात तयार होतं. आत्यांच्या हातातली ती वाटी पाहिली आणि त्यातलं एक अक्षर आठवेना.

“आई, ह्या घरात चोर आहे, तो मी,” मी म्हणाले. “आत्या, तुम्ही ताजाच वाढता हो. शिळा मी करते.”