धुण्याच्या बादलीतले नऊ शिंपले

आता तुम्ही म्हणाल, या बाईला दुसऱ्याच्या परसात डोकवायचं काय नडलं होतं? नडलं काहीच नव्हतं हो, सवय हाय!

आमच्या शेजारी जैनांचं घर. आज्जी आणि त्यांची नात शीतल. आज्जी लय नेमाच्या. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणार. कांदासुद्धा त्यांच्या उंबऱ्याला घाबरतो!

अशा घराच्या परसात मला काय दिसावं? टपात शिंपले! कृष्णेतले, काळे, तळहाताएवढे. मी भिंतीवर चढून मोजले. नऊ!

पोरगी सांगलीला कॉलेजात जाते. तिथं कुणाच्या तरी नादानं खायला शिकली, दुसरं काय? घरात शीतल नाही, आणि आज्जींची बस्तीतून, म्हणजे त्यांच्या देवळातून, परतायची वेळ झालेली. त्यांनी बघितलं तर पोरीचं कॉलेज बंद आणि लगीन पक्कं!

मी पलीकडं उतरले आणि शिंपले पदरात गोळा करून आमच्या घरात आणले. अंगाखांद्यावर खेळवलेली पोर हो!

पण शिंपले लपवायचे कुठं? स्वयंपाकघरात ठेवले तर आमचे मालक कालवण कर म्हणणार. मग सुचलं. न्हाणीत धुणं भिजत घातलेलं होतं. त्या बादलीत, मालकांच्या पायजम्याखाली, नऊच्या नऊ सारले. दुसऱ्याच्या धुण्यात कोण हात घालतंय? मलाच माझ्या अकलेचं कौतुक वाटलं.

घटकाभरात हाक आली, "आज्जी! माझे शिंपले कुठं गेले?"

भिंतीवरून बघते तर शीतल हातात पाण्याचा कॅन घेऊन उभी, आणि शेजारी आज्जी! मी डोळे वटारून, ओठावर बोट ठेवून खुणा करतेय, तर पोरगी मलाच विचारते, "काकू, दात दुखतोय का?"

आज्जी म्हणाल्या, "सकाळी मी सोता पाणी बदललंय. एक जीव दगावला तर याद राख, असं बजावून घरात ठिवू दिल्यात."

"म्हंजे तुमास्नी म्हाईत हाय?" मी विचारलं.

"माझ्या घरात काय हाय ते मला म्हाईत नसंल व्हय गं?"

मग शीतलनं सांगितलं. शिंपला पाणी पोटातून गाळून स्वच्छ करतो म्हणे. घाटाच्या वरच्या अंगाच्या चांगल्या पाण्यात तो उघडा राहतो. धुण्याच्या घाटाखालचं साबणाचं पाणी लागलं की मिटून बसतो, गाळायचं बंद. साबण जास्त झाला तर जातोच. दोन्हीकडचं पाणी कॅनमधून आणून ती हेच रोज वहीत टिपत होती. सोमवारी सरांना दाखवायचं आणि शिंपले नदीत सोडायचे.

मी हळूच भिंतीमागं डोकं खाली घेतलं.

"काकू, तुमी बघितल्यात का?"

"पायजम्याखाली हायत," मी म्हटलं.

तिघी न्हाणीत पळालो. शीतल रडकुंडीला आलेली. "काकू, पावडर किती घातलीया?"

"जराशीच. तीन मुठी."

"अगं बया," आज्जी म्हणाल्या, "पायजमा धुतीस का उसाचा ट्रॅक्टर?"

नऊही गच्च मिटलेले. चार पाण्यांतून खळबळून काढले, टपात ठेवले आणि आम्ही तिघी भोवती बसलो. आज्जींनी जपमाळ काढली. मीपण त्यांच्यासंगं जप पुटपुटायला लागले. हे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

दुपारी एक शिंपला हळूच किलकिला झाला. मग दुसरा. नववा उघडला तेव्हा उन्हं कलली होती. आज्जी उठल्या, टपाजवळ बसल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चल, दोन घास खाऊन जा. दिवस हाय तवर."

सोमवारी सगळे शिंपले नदीत गेले. शीतल हसत वही घेऊन आली. "काकू, तुमचंबी टिपलंय. सरांना लय आवडलं."

मी चष्मा लावून कौतुकानं वाचलं. घाटाखालचं पाणी: शिंपले मिटायला अर्धा तास. शेजारच्या काकूंची बादली: बघायच्या आत मिटलेले.

म्हणजे बघा, अख्ख्या गावाच्या बायका घाटावर धुणं धुतात, त्यांना जे जमलं नाही ते मी एकटीनं, एका पायजम्यावर करून दाखवलं!