आईवर मारलेली लाल रेघ

पंचकमिटीच्या सेक्रेटरींनी मला बसा म्हटलं नाही. चर्चच्या मागच्या खोलीत ते खुर्चीत, मी उभा. त्यांच्या हातात रविवारच्या उपासनेत मी द्यायचा संदेश. चार पानं. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि तिसऱ्या पानावर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. त्या पानावर माझी आई होती.

"हे वस्तीवरचं रडगाणं इथं नको," ते म्हणाले. "ही शहरातली जुनी मंडळी आहे. शिकलेले लोक येतात. प्रभूत सगळे एक असताना तुम्ही जात कशाला काढता?"

प्रभूत सगळे एक! याच गृहस्थांनी मुलीसाठी स्थळ बघताना मुलाच्या आजोबाचं ख्रिस्ती होण्याआधीचं मूळ आडनाव तीन ठिकाणी विचारून खात्री करून घेतली होती. सगळ्या मंडळीला ते ठाऊक होतं.

मी वैजापूरकडच्या एका वस्तीवरच्या चर्चचा नवा पाळक. शहरात बोलायला पहिल्यांदाच बोलावलेला. संदेश तयार करायची माझी एकच रीत. आई कांदे निवडायला बसली की समोर बसून आधी तिला ऐकवायचा. तिला अक्षर येत नाही. तिला पटलं ते ठेवायचं, कळलं नाही ते खोडायचं. या वेळी बायबलमधला शास्त्रभाग होता त्या परक्या जातीच्या बाईचा, जी आजारी पोरीसाठी प्रभूच्या पाया पडते. मुलांची भाकर कुत्र्यांना घालू नये, असं प्रभू तिला म्हणतो. ती मागं फिरत नाही. मेजाखाली पडलेला चुरा तर कुत्रीही खातात, असं तोंडावर सांगते आणि पोर बरी करून घेते. ऐकता ऐकता आईचे हात थांबले.

"म्या बी मागितलाय चुरा," ती म्हणाली. "पाटलाच्या लग्नात. पंगती उठल्यावर, पत्रावळ्यांच्या ढिगापाशी. तू कडंवर व्हता. लई भुकेला व्हता."

तेच मी तिसऱ्या पानावर लिहिलं होतं.

सेक्रेटरींनी माझ्या हातात छापील पानं ठेवली. कुठल्याशा परदेशी संदेशाचं भाषांतर. "हे वाचा."

आणि मी वाचलं. हे सांगताना आजही कानशिलं तापतात. मुकाट्यानं, पाठ ताठ ठेवून, ओळ न ओळ वाचली. शेवटच्या बाकावर आई बसली होती. एसटीनं आली होती, मी गुलमंडीच्या बाजारातून घेतलेलं नवं लुगडं नेसून. आपली गोष्ट येईल म्हणून शेवटच्या आमेनपर्यंत वाट बघत होती. लोकांनी माझा हात हातात घेतला, छान बोललात म्हणाले. मला स्वतःची किळस आली.

स्टँडवर आई एवढंच बोलली. "ती बाई देवापुढं बोलली म्हून तिची पोर वाचली. तू त्या पेनवाल्यापुढं का रं गप बसला?"



महिन्याभरानं पुन्हा बोलावणं आलं. मुकाट ऐकणारा पाळक कुणाला नको असतो? त्याच खोलीत सेक्रेटरींनी हात पुढं केला. "पानं?"

"पानं देणार नाही," मी म्हणालो. "बाकावर बसा आणि ऐका."

त्या दिवशी मी पत्रावळ्यांच्या ढिगापासूनच सुरुवात केली. आईचं नाव घेतलं. सेक्रेटरी उठून गेले, त्यांच्यामागं पुढचे दोन बाक रिकामे झाले. मागच्या बाकांवरचं कुणी हललं नाही. मी थांबलो नाही.

आता शनिवारी नवे पाळक माझ्याकडं येतात. हातात चुरगळलेले कागद. त्यांना मी सांगतो, भिऊ नका. तुमच्यातल्या ज्या माणसानं चुरा मागितलाय, त्याला आधी ऐकवा. त्यानं मान हलवली की खुशाल उभे राहा. आणि तुमच्या मायबापाचं पान खोडायला कुणी पेन काढलं, तर त्याचा हात तिथंच धरा.

त्या मंडळीनं मला परत बोलावलं नाही. बोलावलं, तर तिसऱ्या पानापासून सुरुवात करीन.