मशीनला शिकवलेला हंगाम

लातूरच्या सोयाबीन कारखान्यात मी केमिस्ट आहे. प्रयोगशाळेत आता मी आणि मशीन, दोघंच. वाटीत दाणे ओतायचे, झाकण लावायचं, मिनिटभरात पडद्यावर ओलावा, तेल, प्रोटीन सगळं हजर. मग पुढचा नमुना येईपर्यंत करायचं काय? कधी कधी मीच मशीनला म्हणतो, बोल की बाबा काहीतरी. कुणी ऐकलं तर हसेल. हसू दे, निदान कुणी आलं तरी म्हणायचं.

मशीन नवं आलं तेव्हा इथं जुने केमिस्ट चाचा होते. नांदेडचे, माझ्याहून पुष्कळ मोठे. दाणे ओव्हनमध्ये वाळवून ओलावा कसा मोजायचा, तेल काढायला तासन्तास कसं बसायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या घरच्या खट्ट्या डाळीवर माझा डोळा, माझ्या आईच्या शेंगाच्या चटणीवर त्यांचा.

हे मशीन दाण्यावर डोळ्याला न दिसणारा उजेड टाकतं आणि परत आलेल्या उजेडावरून आत काय आहे ते सांगतं. पण त्याला आपलं आपण काही कळत नाही, आधी शिकवावं लागतं. हा नमुना बघ, याचा ओलावा इतका. हा बघ, याचा इतका. पूर्ण हंगाम आम्ही तेच करून राहिलो होतो. चाचा जुन्या पद्धतीनं आकडे काढायचे. नमुने निवडायचं आणि मशीनला दाखवायचं काम माझं.

तिथंच मी माती खाल्ली. परदेशी मशीन, साहेबांनी नारळ फोडून बसवलेलं. घरी पाहुणा आला की आपण चांगलं ताट काढतो, तसं मी केलं. चाळून, निवडून पिवळेधमक दाणे तेवढे दाखवले. ओला, डागी, मातकट माल बाजूला सारला. ओला नमुना कसा येत नाही, असं चाचांनी एकदा विचारलंही होतं. यंदा माल कोरडाच आहे, असं मी ठोकून दिलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या वर्षी ऐन काढणीत पाऊस लागला. देगलूर, धर्माबादकडून ओलं सोयाबीन आलं. मशीननं असला माल जन्मात बघितला नव्हता, पण ते कबूल कुठं करतंय? माल कोरडा आहे म्हणालं. तोवर ओव्हनमधली जुनी तपासणी बंद करून टाकली होती. माल न वाळवताच सायलोत, त्या उंच बंद कोठारात गेला आणि आतल्या आत तापून काळा पडला.

साहेब म्हणाले, मशीन चुकत नाही, शिकवणारा चुकला. प्रत्येक कागदावर सही चाचांची होती. माझे आकडे खरे आहेत, एवढंच चाचा केबिनमध्ये म्हणाले. मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून. लेक लहान होती, नोकरी गेली असती, हे कारण मी पुढं कितीदा स्वतःला ऐकवलं! त्याच आठवड्यात चाचांना काढलं. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही, मशीन होतंच.

नंतर मी ओला, डागी, सगळा माल दाखवून ते नीट शिकवलं. आता ते चुकत नाही.

परवा, इतक्या वर्षांनी, नांदेडला त्यांच्या घरी गेलो. चाचा थकलेत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगून टाकलं: नमुने मी निवडले, खोटं मी बोललो, गप्पही मीच बसलो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"तवा बोलला असतास ना बेटा, तर दोघंबी गेलो असतो," ते म्हणाले. "पण संगं गेलो असतो."