वसुधाताईंची पळालेली माणसं

फोन आला तेव्हा मी ऑफिसात टाइप करत बसले होते. वसुधाताईंच्या यजमानांचा, भाऊजींचा आवाज नेहमीसारखाच हळू... "नलू, वसुधा गेली गं. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसली, ती उठलीच नाही." मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि समोरचं अर्धं वाक्य पुरं केलं. त्याची लाज मला गेले सहा आठवडे वाटते आहे. रडू आलं ते चार दिवसांनी, आणि तेही रागाने. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात निधनाची चौकट आली होती : 'दुबईतील गृहिणी, ज्यांनी फावल्या वेळात अमेरिकेच्या इतिहासाचा छंद जोपासला.' फावला वेळ! छंद! अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या संस्थेने जिच्या पुस्तकाला पुरस्कार दिला, ती बाई यांच्या लेखी जणू स्वेटर विणत होती. म्हणून हे लिहायला बसले आहे.

वसुधा कारखानीस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भाऊजींच्या नोकरीपाठोपाठ दुबईला आल्या. करामा नावाच्या वस्तीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर. तरुणपणी अमेरिकेत राहून पीएच.डी. केलेली ही बाई, आणि पासपोर्टवर शिक्का : गृहिणी, नोकरीस मनाई. "नोकरीला मनाई आहे ना? कामाला नाही," असं म्हणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर मायक्रोफिल्म वाचायचं एक जुनं यंत्र मांडलं, खिडकीला काळी चादर ठोकली आणि अडीचशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचायला सुरुवात केली. आम्ही सगळे उन्हाळ्यात भारतात जाऊन लग्नकार्यं उरकायचो. या बाई साठवलेले पैसे घेऊन अमेरिकेतल्या कुठल्या तरी दप्तरखान्यात जाऊन बसायच्या आणि सर्दी आणि फिल्मची रिळं घेऊन परतायच्या. टेबल कायमचं गेलं. भाऊजी दहा वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवले आणि त्यांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

त्यांचा विषय होता अमेरिका हा देश होण्याआधीची अमेरिका. इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा इंग्लंड-आयर्लंडमधली गरीब पोरं बोटीच्या भाड्यापायी चार-पाच वर्षांच्या करारावर सही करून तिकडे जायची. आफ्रिकेतून धरून आणलेल्यांना तर सहीचाही प्रश्न नव्हता, ती जन्मभराची कैद. यातलं कुणी पळालं की मालक पेपरात जाहिरात द्यायचा. ताईंचं पहिलं पुस्तक करारावर गेलेल्या माणसांवर, आणि दुसरं, गाजलेलं, या पळालेल्यांवर. मालकांनीच लिहिलेल्या जाहिरातींतून त्यांनी पळालेल्यांची आयुष्यं बाहेर काढली, हेच त्यांचं मोठं काम.

आता माझी गोष्ट. मी एका काँट्रॅक्टिंग कंपनीत सेक्रेटरी. मजुरांच्या राहत्या कॅम्पवरून कुणी गायब झाला की पेपरात त्याच्या फोटोसह 'फरार' म्हणून जाहिरात द्यायची, ही आमच्याकडची रीत, आणि तो मजकूर मीच टाइप करायची. एकदा ताईंकडे कोथिंबीर मागायला गेले तर टेबलावर माझीच जाहिरात, नीट कापून चिकटवलेली.

"ही कुणी लिहिली गं?"

"मी... म्हणजे कंपनीने. मी टाइप केली."

"अरे वा, भेटलीस तर! मग सांग, हा का गेला?"

"अ‍ॅब्स्कॉन्ड झाला, ताई."

"ते मालक म्हणतोय. मी विचारतेय, का गेला?"

मला कुठे माहीत होतं? मग त्यांनी यंत्रात एक जुनी जाहिरात लावून दाखवली. पळालेला एक सुतार. डाव्या भुवईवर व्रण, फिडल बरी वाजवतो, बोलताना जमिनीकडे पाहतो, जाताना दोन सदरे आणि स्वतःची रंधा-पटाशी घेऊन गेला. "बघ, हा मालक याच्यावर चिडलाय, तरी त्याला एवढं माहीत आहे. तुझ्या जाहिरातीत काय आहे? फोटो आणि पासपोर्ट नंबर." मला राग आला. म्हटलं, ताई, इथे कुणी गुलाम नाही हं, माणसं आपल्या मर्जीने येतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं तसं? सगळं सारखंच आहे म्हणणारा इतिहासकार आळशी. वेगळं काय आहे, तेही लिहायचं. पण विचारायचं तर दोन्हीकडे." त्या दिवसापासून मी टाइप करण्याआधी पळालेल्याच्या खोलीतल्या सोबत्यांना फोन करून विचारायला लागले. आई वारली आणि रजा मिळाली नाही म्हणून गेलेला एक जण निघाला. जाहिराती मात्र मी टाइप करतच राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुरस्कार जाहीर झाला आणि मंडळाला एकदम वसुधाताई आठवल्या. हॉटेलच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. अध्यक्ष स्वतः घरी आले, मी तिथेच होते. "मॅडम, तुम्ही अमेरिकेवर बोला. पब्लिकला इंटरेस्ट आहे. फक्त ते इथलं, लेबर-बिबर, नको हं. स्पॉन्सर सगळे काँट्रॅक्टर आहेत. ते एक टाळलं की खलास, काही प्रॉब्लेम नाही."

"फक्त अमेरिकेवरच बोलेन," ताई म्हणाल्या. "शब्द देते."

शब्द त्यांनी पाळला. शाल-श्रीफळ झालं, त्या उभ्या राहिल्या आणि प्रस्तावना न करता जुन्या जाहिराती मराठीत वाचायला लागल्या. एकामागून एक. नाव, वय, गाव, धंदा. करार संपायला दोन वर्षं राहिली असताना गेला. हाताला चुन्याने भाजल्याची खूण. पायात बूट नाहीत. कुठल्या बोटीने आला. लपवून ठेवणाऱ्यास शिक्षा होईल. पहिल्या दोन-तीन जाहिरातींना लोक हसले. मग पुढच्या रांगेत स्पॉन्सरांची चुळबूळ सुरू झाली, आणि मग तीही थांबली. एकदाही त्यांनी 'दुबई' हा शब्द उच्चारला नाही. अध्यक्ष आक्षेप तरी कशाला घेणार?

खुर्च्या लावायला कॅम्पवरून आपली मराठी माणसं आणली होती, ती मागे भिंतीला टेकून उभी होती. सुताराची जाहिरात संपली तेव्हा त्यातला एक, संगमेश्वरकडचा, तिथूनच बोलला, "बाई, त्यो सुतार मंग घावला का वो?"

हॉल वळून बघायला लागला. ताईंनी चष्मा काढला. "सापडल्याची नोंद नाही, दादा."

"मंग सुटला म्हना की!"

"तसं लिहायला पुरावा लागतो," ताई म्हणाल्या, "पण मलाही तसंच वाटतं." मागच्या भिंतीपाशी अशा टाळ्या वाजल्या की मंडळाच्या इतक्या वर्षांत मी तशा ऐकल्या नव्हत्या.

त्यानंतर मंडळाने त्यांना बोलावलं नाही. भाऊजींच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये घेऊन, वाइफला जरा समजवा, असं सांगितलं. भाऊजी म्हणाले, "सर, मी तिला समजावत नाही, मी तिची प्रुफं वाचतो." बढती गेली. दोघांनी त्या संध्याकाळी बाहेर जाऊन मासे खाल्ले आणि मलाही नेलं.

ताई गेल्या त्याच आठवड्यात तिसऱ्या पुस्तकाची प्रुफं आली. फक्त शेवटची सूची राहिली होती, कोण कुठल्या पानावर आहे त्याची. भाऊजींचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून दर शुक्रवारी सकाळी मी वर जाते. ते चहा ठेवतात, मी ताईंच्या खुर्चीत बसते. यंत्राच्या काचेवर त्यांच्या बोटांचे डाग आहेत, ते आम्ही दोघांनीही पुसलेले नाहीत. ताईंनी सूची अर्ध्यावर आणून ठेवली आहे आणि तिचा नियम सरळ आहे : ज्यांची नावं मालकांनीही लिहिली नाहीत, त्यांनाही जागा द्यायची. 'बाई, लंगडणारी, मुलासह.' 'माणूस, निळ्या बंडीचा.' 'मुलगी, गाते.' अशी पानंच्या पानं आहेत.

गेल्या आठवड्यात प्रकाशनसंस्थेच्या संपादकांचं ईमेल आलं. सहानुभूती वगैरे सगळं नीट होतं. पुढे लिहिलं होतं की सूची फार लांबते आहे, निनावी नोंदींचा वाचकांना उपयोग नसतो, तेवढ्या काढून टाकाव्यात. मी भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, मी काय करते ते बघायला. आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेलंच टाइप केलं मी. त्या दिवशी पहिल्यांदा माझं स्वतःचं टाइप केलं : यातला एकेक माणूस वसुधाताईंनी शोधून आणलेला आहे. एकही वगळला जाणार नाही. पानं वाढवा.